विहिरीजवळची वेल

मी रागिणी, या घरची धाकटी सून. माझं माहेर बडनेऱ्याचं, आणि बडनेऱ्याच्या पोरींना तोंड जरा जास्तच असतं असं माझ्या सासूबाई, गंगूबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. खोटं नाही सांगत. पण हे तोंड मी योग्य वेळी उघडलं असतं का नसतं, हा प्रश्न निराळा. ज्यांनी उघडायला हवं होतं त्यांचं सांगते.

मोर्शीच्या पुढे आमचं शेत आहे. आजूबाजूला सगळ्यांच्या संत्र्याच्या बागा आणि मधे आमचा भाजीपाला. माळ्याचं घर, भाजी लावायची आणि अमरावतीला नेऊन विकायची. शेतात विहीर आहे आणि विहिरीच्या काठाला बोरीचं झुडूप. त्या झुडपावर दर पावसाळ्यात एक वेल चढायची. थंडीत ती वाळून नाहीशी व्हायची आणि मृग लागला की पुन्हा जमिनीतून कोंब काढायची. कडू काहीतरी असेल म्हणून कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. बकऱ्या शेंडे खायच्या तेवढंच.

ती वेल ओळखली माझ्या मोठ्या जावेनं, साधनाताईनं. तेव्हा मी या घरात यायची होते, पण ही गोष्ट तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मीच तिथे उभी होते असं वाटतं. ती नवी नवरी. माहेर चिखलदऱ्याच्या घाटाखालचं, लहानपण रानात गेलेलं. पहिल्यांदा शेतात आली, विहिरीशी थबकली आणि डोक्यावरचा पदर सांभाळत खाली बसली. पानाचा बदामासारखा आकार पाहिला, त्याच्या कोनदार कडा चाचपल्या, पानाशेजारून निघालेला एकच दोरा बोटाला गुंडाळून पाहिला. मग काडीनं बुडाशी माती उकरली. खाली रताळ्यासारखा गुबगुबीत कंद.

"अवो, हे तं काटवल होय," ती म्हणाली. "आमच्या रानात गंज रायते, पाह्यजे तितकी."

सासूबाईंना सुनेनं आल्या आल्या शहाणपण दाखवलेलं आवडत नाही. त्या म्हणाल्या, "काटवल हाय तं लागन. पाहू."

वेलीला फुलं आली. पिवळी, नाजूक, संध्याकाळी उमलणारी, गोड वासाची. पण काटवल, म्हणजे कर्टुलं, काही लागलं नाही. सासूबाई रोज विचारायच्या, "काय वं, कुठी हाय तुहं काटवल?" साधनाताई हट्टाला पेटली. दुसऱ्या वर्षी माहेराहून पिशवीभर कंद घेऊन आली आणि ते कुंपणाच्या तारेच्या कडेनं लावायचं ठरलं. त्या वेलींना मात्र अशी काटवलं लागली की पानं दिसेनात. हिरवी, काटेरी, कोवळी. अमरावतीच्या बाजारात आमच्या टोपल्यांभोवती बायकांची गर्दी होऊ लागली.

पण ते कंद लावले दुसऱ्याच कोणीतरी. आमच्या घरची रीत अशी की कंद जमिनीत घालायचा तो लेकुरवाळीनं. ज्या बाईच्या कडेवर पोर नाही तिनं मातीला हात लावायचा नाही. आणि वेलीला लागलेलं पहिलं काटवलही लेकुरवाळीच्या ओटीत घालायचं. पहिल्या वर्षी शेजारच्या भागीरथाबाईंना बोलावलं होतं. पुढे मी आले, मला मुलगा झाला, तेव्हापासून तो मान माझ्याकडे. पोराला कडेवर घेऊन मी कंद पुरायची आणि जिनं ते कंद डोंगरातून वाहून आणले ती धुऱ्यावर, बांधाच्या कडेला उभी राहून पाहायची. मला त्याची लाज वाटायची. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "ताई, या नं, दोघी लावू." ती हसून म्हणाली, "लाव बाप्पा तू. काही जळलं तं माह्या नावावर नको."

काही वेली फुलायच्या पण त्यांना काटवल लागायचं नाही. सासूबाईंच्या लेखी त्या वांझ. हंगाम संपत आला की त्या फिरून पाहायच्या आणि माझे भासरे, म्हणजे साधनाताईचे नवरे गोवर्धनभाऊजी, त्यांच्या मागे फावडं घेऊन. वांझ वेल दिसली की खणून बांधावर फेकायची. दरवर्षी थोड्या थोड्या करून सगळ्या गेल्या. पहिली, विहिरीजवळची, तेवढी राहिली. तिच्या बाजूनं साधनाताई उभी राहायची म्हणून राहिली.

आता तिच्या मुलाबाळांचं सांगायला हवं. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच तिच्यासोबत जायची. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्यात मला काही दोष दिसत नाही, आता नवऱ्याला घेऊन या. साधनाताईनं घरी येऊन हळू आवाजात सांगितलं. भाऊजी उठून गोठ्यात गेले. पुन्हा तो विषय निघाला की दरवेळी त्यांना गोठ्यातच काम निघायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सासूबाईंना तर त्यांच्या लेकात खोट असू शकते हे ऐकूच यायचं नाही. त्या सुनेला गंडेदोरे बांधत राहिल्या. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय!

भाऊजी वाईट माणूस नाही. बायकोवर कधी हात उगारला नाही, दारूचा थेंब नाही. पण भित्रा आहे. भित्र्या माणसाच्या घरात बाईचे हाल कसे होतात ते बाहेरच्याला दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंनी विहिरीकडे बोट दाखवलं. "गोवर्धन, हे कायले ठेवली? नुसती जागा खाऊन रायली. खन थे."

साधनाताई वेलीसमोर जाऊन उभी राहिली. "राहू द्या नं आई. फुलते तं हाय ना बिचारी."

"फुलून काय कामाचं?" सासूबाई म्हणाल्या. "तू पन तशीच अन् थे पन तशीच."

असं त्या पूर्वीही बोलल्या होत्या. पण त्या दिवशी माझा धाकटा तिथेच खेळत होता, मजूर बाया भाजी तोडत होत्या, आणि सगळ्यांनी ऐकलं. साधनाताई नवऱ्याकडे वळली. तिला वाटलं असेल, आता तरी बोलतील. ते फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून खाली बघत होते.

"मंग मले पन खनून फेका," ती म्हणाली.

भाऊजी म्हणाले, "जा मंग." एवढंच. आणि फावडं मारलं.

वेल आडवी झाली. कंद बांधावर पडला. साधनाताईनं तो उचलला, पदरानं माती पुसली, घरी जाऊन दोन लुगडी पिशवीत घातली, त्यावर तो कंद ठेवला आणि मोर्शीच्या स्टँडकडे चालू लागली. मी मागे धावले. ती म्हणाली, "तू घरी जाय रागिणी. लेकरू रडून रायलं तुहं."

आमच्याकडे रुसून माहेरी गेलेल्या बाईला सासरच्या कोणीतरी न्यायला जायचं असतं. चार दिवस जातात, राग उतरतो, नवरा नाहीतर दीर जातो, चहा होतो, आणि ती परत येते. ती आपणहून यायची नसते. आली तर जन्मभर तोंड खाली. तिकडे साधनाताई वाट पाहत राहिली आणि इकडे हे दोघे मायलेक. माझ्या नवऱ्याला, गोपाळला, मी म्हटलं तुम्ही जा. तो म्हणाला, दादा म्हनन तं जाईन. दादा काही म्हणाले नाहीत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. फोनवर ती सगळ्यांची चौकशी करायची. सासूबाईंच्या गुडघ्याचीसुद्धा. शेवटी हळूच विचारायची, "काही बोलले का?" मी म्हणायची, "बोलतीन ताई."

मग यंदाचा पावसाळा आला. तारेवरच्या वेली अशा माजल्या की हिरवी भिंत उभी राहिली. फुलंही भरपूर. प्रत्येक फुलाखाली हिरवी काटेरी गाठ. आम्ही खूश. पण ती गाठ वाढेना. दोन दिवसांत पिवळी पडायची आणि गळायची. तारेखाली नुसता पिवळा सडा. भाऊजींनी फवारणी केली, खत दिलं, काही उपयोग नाही. सासूबाई म्हणाल्या, जाणारीची हाय लागली. त्यांच्या तोंडून निघालेलं एवढं एकच वाक्य मला पटलं.

शेवटी गोपाळनं कृषी सहायक नीलम मॅडमना बोलावलं. मुलगी तरुण, गाडी बांधावर लावून सरळ वेलीत शिरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत फुलं उलटी करून पाहत गेली. परत आली तेव्हा कपाळाला आठी.

"काका, नराच्या वेली कुठी हायेत?"

"कायच्या?" भाऊजी म्हणाले.

तिनं एक फूल तोडून तळहातावर ठेवलं. "हे पाहा. फुलाखाली ही काटेरी गाठ हाय, म्हनजे ही मादी. इथं सगळ्या माद्याच हायेत. काटवलात नराची वेल येगळी रायते. पानं तशीच, कंद तसाच, ओळखू येत नाही. फूल आलं की समजते. नराच्या फुलाखाली गाठ नसते, नुसता लांब देठ अन् त्याच्यावर टोपीसारखं एक पान. थ्याचा पराग हिले भेटला तरच काटवल धरते. नाही तं असं गळून जाते."

"अन् त्या नराच्या वेलीले काटवल?" मी विचारलं. मला माहीत होतं ती काय म्हणणार.

"त्याले कसं लागन वहिनी? तो नर हाय."

सासूबाई विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. नीलम मॅडमना काय माहीत! त्या बिचाऱ्या सांगत राहिल्या, की पुष्कळ जण नराला वांझ समजून उपटतात, आधी बांधावरच्या रानवेली तरी असायच्या, आता तणनाशकानं त्याही गेल्या. तुमच्याकडे इतकी वर्षं पीक येत होतं म्हणजे एखादा नर इथेच कुठेतरी असला पाहिजे.

बोरीचं झुडूप आम्हा सगळ्यांसमोर उभं होतं. कोणी तिकडे पाहिलं नाही.

आमच्यात धाकट्या सुनेनं भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंडासमोर बोलायचं नाही. काही हवं असेल तर पोराच्या नावानं सांगायचं. इतकी वर्षं मी ते पाळलं. मॅडमची गाडी गेली आणि माझा पदर खांद्यावर आला.

"भाऊजी," मी म्हटलं, "विहिरीजवळची ती वांझ नव्हती. तिच्या जिवावर सगळं शेत लेकुरवाळं होतं. अन् डॉक्टरीणबाईनं तुम्हाले बोलावलं होतं, तुमी गेले नाही. मायच्या मागं लपून ऱ्हायले. खोट कोनात होती हे तुम्हाले ठाऊक होतं का नव्हतं?"

गोपाळ माझा दंड धरून ओढत होता. भाऊजींनी मान वर केली. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "ठाऊक होतं." आणि मान पुन्हा खाली घालून, "म्हनजे, भेव वाटे का तसंच असन."

सासूबाई कट्ट्यावरून उठल्या. पायाखालच्या पिवळ्या गाठी त्यांनी पदरात गोळा केल्या आणि घराकडे निघाल्या. कशासाठी गोळा केल्या ते त्यांचं त्यांनाच माहीत.

दोन दिवसांनी भाऊजी पोराच्या आडून मला म्हणाले, "तुह्या मायले म्हन, तिच्याकडे तो कंद असन. पाहून ये म्हन."

मी निघाले. एसटीत बसले तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

साधनाताईच्या भावाचं घर गावाच्या कडेला. मला लांबून येताना पाहून ती आत पळाली आणि बाहेर आली ती दुसरं लुगडं नेसून, केस विंचरून. तिच्या भावजयीनं चहाला आधण ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "चला, आले एकदाचे न्याले!" दाराशी पिशवी भरून ठेवलेली मला दिसली. ती त्या दिवशी भरलेली नव्हती. भरलेलीच असायची, हे मला नंतर समजलं.

मी चहाची कपबशी तशीच खाली ठेवली. साधनाताई माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मला परसात घेऊन गेली आणि विचारलं, "खरं सांग. मले न्याले आली का कंद न्याले?"

तिला कसं कळलं? बाजाराला येणाऱ्या बायांकडून आमच्याकडचं पीक गेल्याचं तिच्या कानावर आलं असेल. मी खोटं बोलले असते, पण तिच्याशी नाही बोलता आलं.

"कंद," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. परसात कुडाच्या भिंतीवर ती वेल चढली होती. हिरवीगार. "हे पाय. इथं पन फुलते अन् लागत नाही. भावजय म्हन्ते उपटून टाक. म्या म्हटलं, राहू दे, माह्या संगं आली हाय."

संध्याकाळ व्हायला आली होती. कळ्या सुटू लागल्या होत्या. मी एक फूल तोडलं, तिच्या हातावर ठेवलं आणि नीलम मॅडमनं दाखवलं तसं दाखवलं. नुसता देठ. टोपीसारखं पान. गाठ नाही. सगळं सांगितलं. भाऊजी काय म्हणाले तेही.

ती ते फूल फिरवत राहिली. तिच्या माहेरची माणसं रानातून काटवल तोडून आणणारी. ज्या वेलीला काही लागत नाही तिच्याजवळ थांबायचं कोणाला काय कारण? तिनंही कधी फूल उलटं करून पाहिलं नव्हतं.

"म्हनजे माह्यात काही नव्हतं," ती म्हणाली.

"नाही ताई. कधीच नव्हतं."

"डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं तवा माह्या मनाले पटलं नव्हतं, रागिणी. वाटे, तिले काय समजते. सगळे म्हन्तेत तं असन माह्यातच." ती खाली बसली. "आता समजून काय करू? औंदा तं पाळी पन गेली माही."

मग ती रडली. मी तिला धरलं आणि मीही रडले. आत भावजय भांडी वाजवत होती. रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि उमललेली सगळी फुलं एकेक करून तोडली. ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"हे ने. उद्या सकाळी सकाळी मादीच्या फुलायले लावजो. तुह्या लेकरायसाठी देऊन रायली. कंद मातर नाही देत. कंद पाह्यजे असन तं त्याईनं सोता यावं. माह्या समोर उभं राहून एक डाव म्हनावं, साधना, तुह्यात खोट नव्हती. येवढंच. मंग कंद पन देतो अन् मी पन येतो."

मी परत आले आणि दारातच हे सगळं मोठ्यानं सांगितलं. सकाळी मी ती फुलं एका ओळीला लावली, मादीच्या एकेका फुलाला नराचं एकेक फूल टेकवत गेले. पुरली तेवढ्यांना लावली. बाकीच्या सगळ्या गाठी गळाल्या, पण त्या ओळीतली काटवलं धरली आणि फुगली.

पहिली तोडणी सासूबाईंनी स्वतः केली. ओटी माझी, म्हणून मी पदर पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काटवलं एका पिशवीत भरली, वर खण ठेवला, नारळ ठेवला आणि पिशवी भाऊजींच्या हातात दिली.

"साधनाच्या ओटीत टाकजो," त्या म्हणाल्या. "अन् ती जे म्हन्ते ते बोलून ये. माह्या कडून पन बोलजो."

मला इतका आनंद झाला की भाऊजी फाटकाबाहेर पडायच्या आत मी साधनाताईला फोन लावला. "ताई, भाऊजी निंगाले. परतवाड्यावरून दुपारच्या गाडीनं येतीन." ती म्हणाली, "जेवतीन ना इथं? काय करू व भाजी?"

भाऊजी दिवेलागणीला परत आले. एकटे. पिशवी हातात होती तशीच. खण, नारळ, खाली काटवलं. ओसरीवर बसले आणि आईला म्हणाले, "परतवाड्याच्या स्टँडवरून पुढं पाय नाही निंगाला. गाडी समोरून गेली. तिथंच बसून होतो."

सासूबाई आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. मला भाऊजींची कीव आली आणि त्या किवेचाच मला संताप आला. पोटचं पोर असतं तर मी त्या माणसाच्या कानाखाली मारली असती.

फोन वाजला. साधनाताईचा.

"आले नाही व ते," ती म्हणाली. "शेवटची गाडी पन गेली. बरे हायेत ना? रस्त्यात काही झालं तं नाही?"

"बरे हायेत," मी म्हटलं. "घरी आले."

ती समजली.

"म्या सकाळीच वेल खनली होती, रागिणी," ती म्हणाली. "म्हटलं आल्या आल्या कंद हातात देता यावा, त्याईले थांबाले नको. आता वेल सारी सुकली."

"कंद मरत नाही ताई," मी म्हटलं. "परत लावा. पुढच्या पावसात पुन्हा फुटते."

"कोन लावन?" तिनं विचारलं. "लेकुरवाळी पाह्यजे ना."

"तुम्हीच लावा."

"बरं," ती म्हणाली, आणि मग, "त्याईनं दिवसभर काही खाल्लं नसन. जेवाले वाढ त्याईले."